अ‍ॅम्बेसेडरची सख्खी बहीण

मराठवाड्यात एखादी जुनी ब्रिटिश टू-सीटर, म्हणजे उघड्या टपाची एमजी किंवा ट्रायम्फ, विकायला निघाली की गाडी पाहायच्या आधीच लोक निकाल देऊन मोकळे होतात. पुण्या-मुंबईचा दलाल फोनवरच सांगतो, ‘तिकडे ठेवून सडवू नका, इकडे पाठवा.’ गावातला जाणता म्हणतो, पंधरा वर्षांवरची गाडी सरकार भंगारात काढतंय, किलोवर द्या आणि सुटा. कुणी म्हणतं, दोन माणसं बसणारी ही साहेबाची चैन, शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात तिचं काय काम? आणि परभणीचं नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलंच असतं: तिथे हिला हात लावणारा मिस्त्री कुठून आणणार? ही सगळी मतं इतकी रुळली आहेत की गाडीचा मालकही ती खरी मानून चालतो आणि येईल त्या भावाला गाडी ट्रकवर चढवतो. ती खरी नाहीत. त्यातलं मिस्त्रीबद्दलचं मत तर सगळ्यात खोटं, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

एमजीए ही गाडी १९५५च्या सप्टेंबरमध्ये बाजारात आली. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डन या लहानशा गावात एमजीचा कारखाना होता; १९२९पासून १९८०च्या ऑक्टोबरपर्यंत तो चालला. एमजीएचं रूप पाहिलं की डोळे दिपतात. बसकी, गोलाईदार, पुढे लांबलचक बॉनेट. पण बॉनेट उचललं की आत जे दिसतं ते पाहून आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रीला अजिबात आश्चर्य वाटू नये. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, चार सिलिंडर, बाजूला कॅमशाफ्ट, त्यावरून निघालेले पुशरॉड, वर हेडमध्ये व्हॉल्व्ह, क्षमता १४८९ सीसी. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं हे बी-सिरीज इंजिन. आणि हेच बी-सिरीज, हेच १४८९ सीसी, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात हिंदुस्थान मोटर्सने १९५९च्या सुमारास अ‍ॅम्बेसेडरमध्ये बसवायला घेतलं. पिस्टन वरखाली जातो ते अंतर अ‍ॅम्बेसेडरमध्ये साडेतीन इंच, म्हणजे ८८.९ मिलिमीटर. एमजीएत तेवढंच. १९६२ साली आलेल्या १७९८ सीसीच्या एमजीबीतही तेवढंच, फक्त सिलिंडरचा बोअर मोठा. १९८०च्या आसपास अ‍ॅम्बेसेडर डिझेलवर आली तेव्हाही ते डिझेल इंजिन याच घराण्यातलं होतं.

म्हणजे ज्या गाडीला ‘परदेशी, हात लावू नका’ म्हणतात, तिच्या सख्ख्या बहिणीची हेड परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूरच्या गॅरेजांत चाळीस वर्षं उतरवली गेली आहेत. कलेक्टर कचेरीच्या गाड्या, डॉक्टरांच्या गाड्या, लग्नसराईतल्या भाड्याच्या गाड्या, नांदेडला जाणाऱ्या टॅक्स्या, या सगळ्या कुणीतरी दुरुस्त केल्याच ना? टॅपेट सेटिंग, रिंगा-पिस्टन, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, पॉइंट घासणं, टायमिंग चेन बदलणं ही कामं ज्यांनी केली त्यांच्यापुढे एमजीएचं इंजिन ठेवलं तर नवीन शिकण्यासारखं फार थोडं उरतं. मागच्या बाजूने तेल गळतं ही या इंजिनाची जुनी तक्रार. क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नसून तेल मागे ढकलणारे आटे आहेत, त्यामुळे थोडं तेल खाली सांडतंच. मुंबईचा नवखा खरेदीदार हा डाग पाहून इंजिन खोलायला निघतो. अ‍ॅम्बेसेडरचा मिस्त्री खाली पत्र्याचा डबा ठेवतो आणि डिपस्टिक बघतो. या बाबतीत मिस्त्रीचंच बरोबर आहे.

फरक आहेत, आणि ते लपवण्याचं कारण नाही. एमजीएचं हेड जास्त श्वास घेणारं, कॅमशाफ्ट वेगळा, कॉम्प्रेशन जास्त. अ‍ॅम्बेसेडरला एक एसयू कार्ब्युरेटर, तर एमजीएला दोन. त्यामुळे अ‍ॅम्बेसेडरचा प्रत्येक सुटा भाग डोळे मिटून हिला बसेल असं नाही. पण दोन कार्ब्युरेटरची भीती फुकाची आहे. एसयूइतकं समजायला सोपं कार्ब्युरेटर क्वचितच दुसरं असेल: एक पिस्टन, एक सुई, एक जेट, वरच्या डॅशपॉटमध्ये थोडं तेल. दोन्हींचा मेळ घालायला रबरी नळीचा एक तुकडा पुरतो. नळीचं एक टोक कानाला, दुसरं आधी एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. हवा ओढल्याचा सुसकारा दोन्हीकडे सारखा ऐकू येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. त्यानंतर बाजूची पिन किंचित वर दाबून पिस्टन उचलायचा. इंजिन क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आलं तर पेट्रोलचं मिश्रण बरोबर, बंद पडू लागलं तर पेट्रोल कमी, वाढलेलंच राहिलं तर जास्त. यासाठी लॅपटॉप लागत नाही, कंपनीचं प्रमाणपत्र लागत नाही. कान लागतो, आणि तो परभणीत आहे.

ट्रायम्फचीही हकीकत याच वळणाची. १९६२ची स्पिटफायर ज्या चेसीवरून तयार झाली ती ट्रायम्फ हेराल्डची. हेराल्ड आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१पासून १९७१पर्यंत ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने बनवली, आणि मराठवाड्याच्या रस्त्यांवरही ती धावली. पुढचा सगळा पत्रा बॉनेटसकट समोर उलटतो, इंजिनाच्या बाजूला टायरवर बसून काम करता येतं, हे ज्याने हेराल्डमध्ये पाहिलं आहे त्याला स्पिटफायरचं बॉनेट उघडताना काहीच नवल वाटणार नाही.

आणि ट्रायम्फ टीआर२. १९५३ साली आलेली, ताशी शंभर मैलांच्या पुढे जाणारी ही टू-सीटर कुठल्या इंजिनावर चालत होती? स्टँडर्ड व्हॅनगार्ड या साध्या गाडीच्या इंजिनावर, ज्याचे सिलिंडर लायनर ओढून काढता येतात आणि नवे बसवता येतात. याच घराण्यातलं इंजिन कॉव्हेंट्रीत फर्ग्युसन टीई२० ट्रॅक्टरमध्ये बसत होतं. १९४६ ते १९५६ या काळात असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. हॅरी फर्ग्युसनने रूढ केलेली ट्रॅक्टरमागची तीन दांड्यांची हायड्रॉलिक जोडणी आज मानवत-पाथरीच्या शिवारातल्या प्रत्येक ट्रॅक्टरला आहे. नांगर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र सगळं तिलाच अडकवलं जातं. त्याचं नाव मॅसी फर्ग्युसनच्या बॉनेटवर अजून लिहिलेलं असतं. शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात हिचं काय काम, असं विचारणाऱ्याने टीआर२चं इंजिन आणि त्या ट्रॅक्टरचं इंजिन शेजारी ठेवून पाहावं. ही गाडी राजवाड्याच्या तबेल्यात जन्मली नाही. ती शेतीच्या अवजारांबरोबर एकाच शहरात, एकाच कंपनीत वाढली.

खरं तर या सगळ्या वर्गाचं वैशिष्ट्यच हे. एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाड्या साध्या गाड्यांचे भाग घेऊन बनवल्या गेल्या, म्हणून स्वस्त होत्या. १९५८च्या स्प्राइटचं इंजिन छोट्या ऑस्टिन ए३५चं आणि स्टिअरिंग मॉरिस मायनरचं. या गाड्यांतल्या लूकसच्या विजेच्या सामानाची थट्टा जगभर झाली, पण ते सामान १९६१पासून मद्रासजवळ पाडी इथे लूकस-टीव्हीएसने बनवायला घेतलं. गर्लिंगचे ब्रेक १९६२पासून त्याच परिसरात ब्रेक्स इंडियाने. एमजीएची चाकं पंधरा इंची, अ‍ॅम्बेसेडरचीही पंधरा इंची. हे सगळं जुळणं योगायोगाने आलेलं नाही. स्वातंत्र्यानंतरची आपली मोटार-उद्योगाची पहिली पिढी याच ब्रिटिश कारखान्यांच्या आराखड्यांवर उभी राहिली आणि पुढे कित्येक दशकं तेच आराखडे आपण स्वतःच्या हाताने जिवंत ठेवले. अ‍ॅबिंग्डनचं दार १९८० साली बंद झालं. अ‍ॅम्बेसेडर २०१४च्या मे महिन्यापर्यंत निघत होती. बी-सिरीजचं ज्ञान जास्त काळ कुठे टिकलं, याचा हिशेब एवढ्यावरून लागतो.

मग अडचण काय? अडचण माणसांची आहे, आणि इथे काळजी वाटावी अशीच परिस्थिती आहे. ज्यांच्या बोटांत हे ज्ञान आहे ते मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत. नव्या गॅरेजात दहा-बारा-चौदा मिलिमीटरचे पाने असतात; या गाड्यांना इंच-सुताचे पाने लागतात. सेन्सर वाचायचं यंत्र लावून दोष शोधणाऱ्या पोराला पॉइंटमधली फट फीलर गेजने कशी मोजायची हे कुणी दाखवलेलंच नाही, कारण दाखवायला गाडीच समोर नाही. परभणीत शासकीय आयटीआय आहे, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. इंजिन म्हणजे काय हे उघड्या डोळ्यांनी दाखवणारी, झाकणं आणि वायरींच्या जाळ्याखाली न दडलेली एक चालती गाडी जिल्ह्यात असणं हे त्या पोरांसाठी मोलाचं आहे. ‘मुंबईला पाठवा’ असं म्हणणारा दलाल गाडीबरोबर तिच्यावर शिकण्याची शेवटची संधीही ट्रकवर चढवत असतो. याचा त्याला राग यावा अशी अपेक्षा नाही, मालकाला मात्र यायला हवा.

शिवाय मुंबईला पाठवल्याने गाडी वाचते हा समजही तपासून घ्यायला हवा. जुन्या गाडीला इंजिनाने मरण येत नाही, गंजाने येतं. इंजिन पुन्हा बांधता येतं. कुजलेला पत्रा कापूनच काढावा लागतो. एमजीबीला वेगळी चेसी नाही, तिची ताकद दरवाजाखालच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या पेट्यांत असते, आणि वर टप नसल्याने सगळा भार त्यांच्यावरच. त्या आतून कुजल्या तर गाडी मधोमध वाकते. समुद्राची खारी दमट हवा याला सगळ्यात वाईट. परभणी समुद्रापासून सुमारे चारशे किलोमीटर आत. उन्हाळा कडक, वर्षातले बरेच महिने हवा कोरडी. शेडमध्ये, जमिनीपासून थोडी उंच, हवा खेळती ठेवून उभी केलेली गाडी इथे जशी टिकते तशी दादर-माहीमच्या इमारतीखाली टिकणार नाही. इथल्या मालकाने भ्यायचं ते दुसऱ्याच गोष्टींना: उंदीर वायरी कुरतडतात, आणि लाकूड असेल तिथे वाळवी लागते. १९४५ ते १९४९मधल्या एमजी टीसीचा पत्रा अ‍ॅश लाकडाच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो. एमजीएच्या पायाखालची फळी प्लायवुडची. दोन्ही कामं चांगल्या सुताराच्या हातची आहेत, आणि सुतारांची या जिल्ह्यात कधी वाण नव्हती.

हूडचंही तसंच. महिंद्राच्या जीपला कॅनव्हासचं हूड शिवून देणारे कुशनवाले प्रत्येक तालुक्याच्या गावी होते, अजूनही सापडतात. एमजीएच्या दारांना काचा नाहीत, त्याऐवजी कापडाचे आणि पारदर्शक प्लॅस्टिकचे पडदे असतात. बाहेरून कडीही नाही. पडद्याचा पदर उचलून आत हात घालायचा, आतली दोरी ओढायची, मग दार उघडतं. जीपच्या पडद्यांचं माप घेणाऱ्या माणसाला यात कोडं पडण्यासारखं काय आहे?

आता भंगाराची गोष्ट. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडी मोडीतच काढावी लागते ही अफवा २०२१पासून इतकी पसरली आहे की ती सुशिक्षित माणसंही छातीठोकपणे सांगतात. २०२१च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या, जुन्या गाड्या मोडीत काढण्याच्या कार्यक्रमाच्या नावातच तो ऐच्छिक असल्याचं म्हटलं आहे. गाडी जाते ती वयाने नव्हे, योग्यता तपासणीत नापास झाली म्हणून. दिल्ली परिसरातली वयाची बंदी हरित लवादाच्या आदेशांतून आली आणि ती त्या परिसरापुरती. तिची बातमी वाचून परभणीतल्या माणसाने गाडी तोडायचं कारण नाही. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर पर्यावरण कर भरून, तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवता येते. आणि पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाड्यांसाठी तर २०२१च्याच जुलैमध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत वेगळी तरतूद केली. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. ज्यांची आधीची नोंदणी आहे त्यांना जुना क्रमांक ठेवता येतो. एकाच वर्षी सरकारने एका हाताने जुन्या गाड्या मोडायला प्रोत्साहन दिलं आणि दुसऱ्या हाताने पन्नाशी पार केलेल्यांना संरक्षण दिलं. पहिली बातमी गावागावांत पोचली, दुसरी पोचली नाही, आणि त्या अंतरात किती चांगल्या गाड्या कटरखाली गेल्या असतील याचा विचार अस्वस्थ करतो.

त्या तरतुदीत एक खोट मात्र आहे. अशा नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही; प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. मोठ्या शहरात रॅल्या होतात, क्लब आहेत. मुंबईत प्राणलाल भोगीलाल यांच्यासारख्या संग्राहकांनी जुन्या गाड्यांचा क्लब उभा केला, वर्षातून एकदा गाड्या बाहेर पडतात, लोक दुतर्फा उभे राहतात. परभणीच्या मालकाने कुठल्या रॅलीला जावं? त्याच्या गाडीचं आरोग्य टिकतं ते आठवड्याला कल्याण-निर्मळ महामार्गावर झीरो फाट्यापर्यंत किंवा मानवतपर्यंत फेरी मारण्याने. म्हणून जुनी नोंदणी जिवंत असेल तर ती वाढवत राहणं हाच इथल्या मालकाचा शहाणपणाचा मार्ग आहे. नियम करणाऱ्यांनी दिल्ली-मुंबईची रॅली डोळ्यांसमोर ठेवली. जिल्ह्याच्या गावातला एकटा मालक त्यांच्या नजरेत नव्हता.

‘गोऱ्या साहेबाची गाडी’ हा आक्षेप भावनेतून येतो, त्यामुळे त्याला उत्तर द्यायचं लोक टाळतात. टाळू नये. परभणी इंग्रजांच्या थेट अमलाखाली नव्हतीच. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत ती निजामाच्या राज्यात होती, आणि इथल्या माणसांनी जो लढा दिला तो रझाकारांशी, निजामाशी दिला. त्याच निजामाच्या रेल्वेने १९३२ साली बससेवा सुरू केली तेव्हा स्कॉटलंडच्या अ‍ल्बियन बस आणल्या. गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९००च्या सुमारास आली, तिच्यामुळे पूर्णा हे मोठं जंक्शन झालं. ती रेल्वे कुणाची म्हणून कुणी रूळ उखडले नाहीत, मीटरगेजचं ब्रॉडगेज करून घेतलं. आणि मालकीचंच बोलायचं तर जग्वारसारखं नाव २००८पासून टाटांचं आहे. एमजी हे नाव चीनच्या एसएआयसी कंपनीकडे, आणि भारतात त्यात मुंबईच्या जेएसडब्ल्यूची भागीदारी. जिथून ही नावं निघाली तिथले मालक केव्हाच बदलले. एमजीए लाखाहून थोड्या जास्त बनल्या, एमजीबी, बंद टपाच्या जीटीसह, पाच लाखांहून अधिक, आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेत विकल्या गेल्या. तिथे त्या घेतल्या ते शिक्षकांनी, तरुण नोकरदारांनी, महायुद्धातून परतलेल्या शिपायांनी. व्हाइसरॉयच्या लवाजम्यातल्या गाड्या वेगळ्या होत्या. त्यांचा राग या गाडीवर काढणं अन्यायाचं आहे.

हीच आकडेवारी दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही उत्तर देते. जाहिरातीत ‘दुर्मीळ, एकमेव, सोन्यासारखी गुंतवणूक’ असं लिहून एमजीबीला लाखो रुपये वर लावणारे विक्रेते आहेत. पाच लाखांत एक असलेली गाडी दुर्मीळ नसते. उलट तिचं खरं बळ तिच्या विपुलतेत आहे: ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८पासून मूळ साच्यांवर एमजीबीची अख्खी नवी बॉडी दाबून देते, आणि इंजिनाचे बहुतेक भाग आजही नवे मिळतात. जी गाडी पूर्णपणे दुरुस्त होऊ शकते तिला गुंतवणूक म्हणून कापडाखाली झाकून ठेवणं म्हणजे तिला मारणंच. उभ्या गाडीत ब्रेक सिलिंडरची रबरं चिकटतात, क्लच प्लेट धरते, टाकीतलं पेट्रोल डिंकासारखं होतं, टायर एका जागी बसतात. भाव वाढेल म्हणून घेणाऱ्यापेक्षा रविवारी चालवेन म्हणून घेणारा माणूस या गाडीला हवा, आणि विकणाऱ्याने दोन हजारांचा फरक बघण्याऐवजी हा फरक बघावा.

चालवायची तर काही गोष्टी खरोखर कराव्या लागतात, आणि त्यातली पहिली आपल्याच उसाशी जोडलेली आहे. २०२५पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशाने गाठलं. गंगाखेड-पाथरी पट्ट्यातल्या ऊस उत्पादकाला त्याचा फायदा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण १९६०च्या काळातल्या रबरी नळ्या, पंपाचे पडदे, कार्ब्युरेटरमधली सुईची बैठक इथेनॉलने फुगतात, भेगाळतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते. नळ्या आर९ दर्जाच्या घालाव्यात, पडदे आणि बैठका बदलाव्यात, टाकी कधी अर्धी रिकामी ठेवून महिनोन्‌महिने उभी करू नये. हा खर्च फार मोठा नाही, न केल्यास आग लागू शकते. दुसरी गोष्ट शिशाची. आपल्याकडे २०००च्या फेब्रुवारीपासून शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं, आणि ओतीव लोखंडाच्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजू लागली. हेड एकदा लेथवर पाठवून कडक बैठका बसवल्या की प्रश्न मिटतो. अ‍ॅम्बेसेडरवर हे काम केलेले लेथवाले मराठवाड्यात आहेत. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा दुपारी गाडी काढू नये, रेडिएटर आतून धुऊन घ्यावा, विजेचा पंखा जोडावा.

सुरक्षेबाबत मात्र गाडीची बाजू घेता येत नाही. हिच्यात एअरबॅग नाही, डोक्यावर छत नाही, मागून येणाऱ्या ट्रकला ती नीट दिसतही नाही. हंगामात रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, त्या काळात रात्री ही गाडी महामार्गावर नेणं जिवाशी खेळ आहे. लहान मुलाला तिच्यात बसवू नये. खेड्याकडे जाणाऱ्या काळ्या मातीच्या रस्त्यावर पावसाळ्यात ती अडकेल, कारण जमिनीपासून तिची उंची जेमतेम पाच-सहा इंच. इतक्या मर्यादा मान्य केल्यावरही नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ उरतेच, आणि उघड्या टपाच्या गाडीला परभणीची हिवाळी सकाळ मिळते तशी इंग्लंडमध्ये वर्षातून फार थोडे दिवस मिळते.

विक्रीला निघालेल्या गाडीचा व्यवहार कसा व्हावा, हेही सांगितलं पाहिजे, कारण बहुतेक गाड्या घाईत जातात. आधी आरसी बुक आणि चेसी नंबर जुळवावा. एमजीबीच्या चेसी क्रमांकाची सुरुवातच गाडी ओळखून देते. जीएचएन म्हणजे उघडी टू-सीटर, जीएचडी म्हणजे बंद टपाची जीटी. टप कापून जीटीची टू-सीटर केलेली असेल तर ते इथेच उघडं पडतं, आणि टप कापलेली गाडी घेऊ नये. इंग्लंडमधल्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या नोंदवह्या आहेत. फी भरली की गाडी कधी बनली, कुठल्या रंगाची होती, मूळ इंजिन क्रमांक काय, याचं प्रमाणपत्र मिळतं. आयात कशी झाली याचा कागद मागावा. परदेशी वकिलातींच्या गाड्या सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, त्यांची कागदपत्रं मूळ मालकाच्या कपाटात बऱ्याचदा अजून असतात. मग एमजीबीच्या मागच्या बाजूला जॅक लावून दाराची फट बघावी. गाडी उचलल्यावर फट बदलली तर खालच्या पेट्या गेल्या. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजावं आणि ते लिहून घ्यावं.

गाडी जिल्ह्याबाहेर न्यायची तर फॉर्म २८ची ना-हरकत लागते, जिल्ह्यातच राहिली तर फॉर्म २९ आणि ३०वर काम होतं. विकणाऱ्याने ना-हरकतीचा अर्ज करण्याआधी निदान महिनाभर गाडी परभणीत, नांदेडात, जालन्यात दाखवावी. अ‍ॅम्बेसेडरवर हात बसलेल्या एखाद्या मिस्त्रीला बॉनेट उघडू द्यावं. आणि व्यवहारपत्रात एक यादी जोडावी: काढून ठेवलेला जुना डायनमो, दुसरं कार्ब्युरेटर, हूडच्या लोखंडी कमानी, दारांचे पडदे, जॅक, इंच-सुताचे पाने, मूळ मॅन्युअल. हे सामान माळ्यावर विसरून राहतं, घर रंगवताना भंगारवाल्याकडे जातं, आणि नव्या मालकाला तेच परदेशातून मागवावं लागतं.